नाशकात बनणारी थ्री एक्सओ, की नेक्सॉन, ब्रेझा, कायलाक? कांद्याच्या पैशातून गाडी घेताना काय बघायचं?

लासलगावात कांद्याचं वर्ष बरं गेलं की घरात दोन विषय निघतात. एक वरच्या मजल्याचा स्लॅब, दुसरा गाडी. स्लॅबचं मिस्त्री ठरवतो, गाडीवर मात्र अख्ख्या भावकीला मत असतं. चुलते म्हणतात बोलेरो सोडून काही घेऊ नका. पोरगं मोबाइलवर रिव्ह्यू लावून बसलेलं असतं आणि त्याला सनरूफ पाहिजे असतं. आजीला गुडघे दुखत असल्यामुळे चढायला-उतरायला सोपी गाडी हवी असते. आणि ज्याच्या खात्यातून पैसे जाणार असतात तो गप्प बसून हप्त्याचा हिशोब करत असतो.

ही चर्चा आता बहुतेक वेळा एकाच प्रकारच्या गाड्यांवर येऊन थांबते. चार मीटरच्या आतल्या कॉम्पॅक्ट एसयूव्ही. महिंद्राची एक्सयूव्ही थ्री एक्सओ, टाटाची नेक्सॉन, मारुतीची ब्रेझा, ह्युंदाईची व्हेन्यू, किआची सोनेट आणि नवी आलेली स्कोडाची कायलाक. सहाही गाड्या बाहेरून बघितल्या तर उंची-लांबी जवळपास सारखी, किमतीही एकमेकींना खेटून. मग फरक कशात आहे?

फरक आहे, आणि तो शोरूममधल्या ब्रोशरच्या पहिल्या पानावर नसतो. आधी या गाड्या एकसारख्या का दिसतात ते बघू, कारण किमतीचं अर्धं कोडं तिथेच सुटतं.

सगळ्यांची लांबी ३९९५ मिलिमीटरच का?

ब्रेझा ३९९५, नेक्सॉन ३९९५, व्हेन्यू ३९९५, सोनेट ३९९५, कायलाक ३९९५. थ्री एक्सओ तेवढी ३९९०. हा योगायोग नाही. २००६ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणलं. छोटी गाडी म्हणजे काय, तर लांबी ४००० मिलिमीटरपर्यंत आणि इंजिन पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत. झालं, कंपन्यांनी टेप हातात घेतला.

सुरुवातीला गाड्या अक्षरशः कापल्या गेल्या. महिंद्राने २०१२ मध्ये झायलोची मागची बाजू छाटून क्वांटो काढली, ती दिसायलाही कापल्यासारखीच दिसायची. २०१३ मध्ये फोर्डची इकोस्पोर्ट आली आणि चार मीटरच्या आतही ऐटबाज एसयूव्ही बनते हे लोकांना पटलं. मग २०१६ मध्ये विटारा ब्रेझा, २०१७ मध्ये नेक्सॉन, २०१९ मध्ये एक्सयूव्ही ३०० आणि व्हेन्यू, २०२० मध्ये सोनेट. थ्री एक्सओ म्हणजे त्या एक्सयूव्ही ३०० चंच सुधारलेलं रूप, ती एप्रिल २०२४ मध्ये आली.

यात आपल्यासाठी एक घरची गोष्ट आहे. थ्री एक्सओ महिंद्राच्या नाशिकच्या कारखान्यात बनते. नेक्सॉन रांजणगावला, कायलाक चाकणला, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेली नवी व्हेन्यू तळेगावला, जिथे पूर्वी जनरल मोटर्सचा कारखाना होता. म्हणजे सहापैकी चार गाड्या महाराष्ट्रात तयार होतात. आता तुम्ही म्हणाल, मग नाशकात बनलेली गाडी आपल्याला स्वस्त पडत असेल. तसं होत नाही. रोड टॅक्स गाडी कुठे बनली यावर ठरत नाही, तिची नोंदणी कुठे होते यावर ठरतो, आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स जड आहे. त्याच्याकडे पुढे येऊ.

जीएसटी बदलला आणि ब्रेझा एकटी पडली

२२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांवरचा जीएसटी बदलला. चार मीटरच्या आतली, पेट्रोल १२०० सीसीपर्यंतची किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंतची गाडी असेल तर १८ टक्के. त्याच्या बाहेरची असेल तर थेट ४० टक्के. आधीचा सेस रद्द झाला.

आता इथे गंमत बघा. आधी छोट्या पेट्रोल गाडीवर सेस धरून २९ टक्के लागायचे, छोट्या डिझेलवर ३१ टक्के. दोन्ही १८ वर आले. पण ब्रेझाचं पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं आहे. लांबी चार मीटरच्या आत असूनही ती छोट्या गाडीच्या व्याख्येत बसत नाही. तिच्यावर आधी ४५ टक्के होते, ते ४० झाले.

हिशोब सोपा करून सांगतो. जीएसटी बदलायच्या आधी शोरूम किंमत १० लाख असलेल्या गाड्या घ्या. कंपनीने करकपात पूर्ण दिली तर छोटी पेट्रोल गाडी ९ लाख १५ हजारांच्या आसपास येते, छोटी डिझेल ९ लाखांच्या आसपास, आणि ब्रेझा ९ लाख ६५ हजारांवर थांबते. म्हणजे आधी सारख्या किमतीच्या असलेल्या ब्रेझा आणि नेक्सॉन डिझेलमध्ये एका रात्रीत ६० हजारांहून जास्त फरक पडला, दोन्ही गाड्यांत एक स्क्रूही न बदलता.

त्यामुळे २०२५ च्या सप्टेंबरआधीचा कुठलाही तुलना करणारा व्हिडिओ बघत असाल तर त्यातला 'व्हॅल्यू फॉर मनी'वाला भाग सोडून द्या. तो आता लागू होत नाही. मारुतीच घ्यायची असेल तर त्यांच्याच नेक्सा शोरूममधली फ्रॉन्क्स बघता येते. तिची १.२ लिटर आणि १ लिटर टर्बो ही दोन्ही इंजिनं १२०० सीसीच्या आतली असल्यामुळे ती १८ टक्क्यांत बसते. पण ती ब्रेझाइतकी उंच आणि ऐसपैस नाही.

मग ब्रेझा घेऊ नये का? तसं नाही. ब्रेझाचं इंजिन चार सिलिंडरचं आहे, टर्बो नाही, त्यामुळे साधं, शांत आणि कुठल्याही मेकॅनिकच्या हाताला सवयीचं. मारुतीचं सर्व्हिसचं जाळं देशात सगळ्यात मोठं आहे आणि जुनी गाडी विकायला काढली तर गिऱ्हाईक पटकन मिळतं. पाच-सहा वर्षांनी गाडी बदलणाऱ्या माणसाला हे ६० हजार तिथून परत मिळू शकतात. ज्याला दहा-बारा वर्षं तीच गाडी चालवायची आहे त्याला मात्र हा जास्तीचा कर विनाकारण पडतो, असं माझं मत.

इंजिन: आधी महिन्याचे किलोमीटर लिहून काढा

लासलगावहून नाशिक साधारण ६० किलोमीटर. निफाडमार्गे गेलात तर छत्रपती संभाजीनगरचा रस्ता, चांदवडमार्गे गेलात तर मुंबई-आग्रा महामार्ग. ज्याचा नाशकाला रोजचा किंवा दिवसाआडचा फेरा आहे, तो महिन्याला अडीच-तीन हजार किलोमीटर सहज काढतो. ज्याची गाडी घर, मार्केट, पोरांची शाळा आणि महिन्यातून एकदा सप्तशृंगी गड किंवा शिर्डी एवढीच फिरते, त्याचे आठशे-हजारही होत नाहीत. या दोघांनी एकच गाडी घेणं म्हणजे कांदा आणि द्राक्षाला एकच खत टाकण्यासारखं आहे.

पेट्रोल १०४ रुपये आणि डिझेल ९१ रुपये धरू. टर्बो पेट्रोल प्रत्यक्षात लिटरला १४ देते आणि डिझेल १८, असं धरलं तर पेट्रोलला किलोमीटरमागे सुमारे ७ रुपये ४३ पैसे जातात, डिझेलला ५ रुपये ६ पैसे. किलोमीटरला २ रुपये ३७ पैसे वाचले. पण त्याच मॉडेलची डिझेल गाडी रस्त्यावर येईपर्यंत, समजा, १ लाख ४० हजारांनी महाग पडली, तर ते पैसे वसूल व्हायला ५९ हजार किलोमीटर लागतात. महिन्याला अडीच हजार चालवणाऱ्याचे दोन वर्षांत वसूल. आठशे चालवणाऱ्याला सहा वर्षं लागतात, तोवर टायर, बॅटरी, क्लच सगळ्याचा नंबर लागून जातो. आकडे तुमच्या पंपाचे आणि तुमच्या शोरूमच्या कोटेशनचे घाला, गणित हेच.

डिझेलचं आणखी एक, जे शोरूममध्ये सहसा कुणी सांगत नाही. बीएस ६ डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या मार्गात काजळी अडवणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी जाळायला गाडी अधूनमधून पंधरा-वीस मिनिटं एका लयीत, बऱ्यापैकी वेगाने पळावी लागते. घर ते मार्केट यार्ड अशी दीड-दोन किलोमीटरची पळापळ रोज करणारी गाडी तेवढी गरमच होत नाही. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो, माणूस दुर्लक्ष करतो आणि शेवटी जाळीचं बिल येतं. महामार्गावर नियमित जाणाऱ्याला हा त्रास फारसा होत नाही.

आता कुणाकडे काय आहे ते बघा. डिझेल फक्त थ्री एक्सओ, नेक्सॉन, व्हेन्यू आणि सोनेटमध्ये मिळतं. ब्रेझाचं डिझेल २०२० मध्येच बंद झालं आणि कायलाकमध्ये तर एकच १ लिटर टर्बो पेट्रोल इंजिन आहे, दुसरा पर्यायच नाही. डिझेलमध्ये थ्री एक्सओ सगळ्यात दणकट. तिचा टॉर्क ३०० न्यूटन मीटर, नेक्सॉनचा २६०, ह्युंदाई-किआचा २५०. टॉर्क म्हणजे सोप्या भाषेत गाडीची ओढ. पाच माणसं, डिकीत सामान आणि समोर चांदवडचा किंवा कसाऱ्याचा घाट, अशा वेळी वरच्या गिअरमध्येच गाडी चढते की गिअर पाडावा लागतो, हे टॉर्कवर ठरतं. पेट्रोलमध्ये थ्री एक्सओची दोन टर्बो इंजिनं आहेत, १११ आणि १३० पीएसची. नेक्सॉनचं टर्बो १२० पीएसचं, व्हेन्यू-सोनेटचं १ लिटर टर्बोही १२०, कायलाकचं ११५, ब्रेझाचं सुमारे १०३. व्हेन्यू-सोनेटमध्ये ८३ पीएसचं साधं १.२ लिटर इंजिनही आहे. सुरुवातीची कमी किंमत त्याचीच असते. रिकाम्या गाडीत टेस्ट ड्राइव्ह घेतली तर ते बरं वाटतं, पण घरच्यांना बसवून चालवून बघा, मग बोला.

सीएनजी हवा असेल तर सामना ब्रेझा आणि नेक्सॉनचा आहे, थ्री एक्सओमध्ये कंपनीचा सीएनजी येत नाही. कागदावर ब्रेझा किलोला २५.५१ किलोमीटर देते आणि नेक्सॉन १७.४४. एवढा मोठा फरक कारण नेक्सॉनचं सीएनजी इंजिन टर्बो आहे, ते पळायला चांगलं आणि प्यायलाही. पण ब्रेझाची डिकी सिलिंडर खाऊन टाकतो. नेक्सॉनमध्ये दोन छोटे सिलिंडर डिकीच्या तळाशी आहेत आणि वर ३२१ लिटर जागा उरते. लग्नसराईत चार बॅगा घेऊन जाणाऱ्या घराला हे महत्त्वाचं. सीएनजी घेण्याआधी आपल्या रोजच्या रस्त्यावर पंप कुठे आहे आणि सकाळी नऊ वाजता तिथे रांग किती असते, हे स्वतः जाऊन बघा. सिलिंडरची दर तीन वर्षांनी चाचणी करून घ्यावी लागते, तेही लक्षात असू द्या.

गिअरबॉक्सचा विषय थोडक्यात. 'ऑटोमॅटिक' या एका शब्दाखाली वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एएमटी म्हणजे साध्या गिअरबॉक्सला जोडलेला यांत्रिक हात. स्वस्त असतो, पण गिअर बदलताना मान हलवतो. ब्रेझा आणि कायलाकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर आहे, तो गुळगुळीत. थ्री एक्सओच्या पेट्रोलमध्ये टॉर्क कन्व्हर्टर मिळतो, डिझेलमध्ये मात्र एएमटी. म्हणजे या गाडीचं सगळ्यात चांगलं इंजिन आणि सगळ्यात चांगला ऑटोमॅटिक एकत्र मिळत नाहीत. डिझेल आणि टॉर्क कन्व्हर्टर दोन्ही पाहिजे असेल तर सोनेट किंवा नवी व्हेन्यू बघावी लागते.

बोलेरोवाल्या चुलत्यांचं काय?

त्यांचं म्हणणं उडवून लावू नका. बोलेरोही ३९९५ मिलिमीटरचीच आहे आणि तिचं डिझेल इंजिन १४९३ सीसीचं, म्हणजे तीही १८ टक्क्यांतच बसते. पण तिची जात वेगळी. बोलेरोला ट्रकसारखी स्वतंत्र चेसिस आहे आणि ताकद मागच्या चाकांना जाते. वर लिहिलेल्या सहाही गाड्यांचा सांगाडा आणि बॉडी एकच, आणि ताकद फक्त पुढच्या चाकांना.

याचा अर्थ काय, तर दिसायला एसयूव्ही असली तरी या सगळ्या मुळात उंच केलेल्या कार आहेत. नेक्सॉनचा ग्राउंड क्लिअरन्स २०८ मिलिमीटर, थ्री एक्सओचा २०१, ब्रेझाचा १९८, कायलाकचा १८९. शेताच्या कच्च्या रस्त्यावर, स्पीडब्रेकरवर, खड्ड्यात हे पुरेसं आहे. पण जुलै-ऑगस्टमध्ये काळ्या रानात दोन पाऊस झाल्यावर गाडी खळ्यापर्यंत न्यायची म्हटलं तर उंची कामाला येत नाही. पुढची चाकं चिखलात फिरत बसतात आणि ट्रॅक्टर बोलवावा लागतो. वस्तीवर राहता, पक्का रस्ता घरापर्यंत आलेला नाही आणि गाडी रोज तिथून काढायची आहे, अशी परिस्थिती असेल तर चुलत्यांचं बरोबर आहे.

बाकी बाबतीत मात्र बोलेरोच्या मजबुतीबद्दल जो समज आहे तो तपासायला पाहिजे. जाड पत्रा म्हणजे सुरक्षित गाडी असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. अपघातात पत्रा किती जाड यापेक्षा धडकेचा जोर सांगाडा कसा पसरवतो आणि माणूस बसतो ती चौकट शाबूत राहते का, यावर जीव वाचतो. एप्रिल २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅपने बोलेरो निओची चाचणी जाहीर केली, तेव्हा तिला एकच स्टार मिळाला होता. ती साध्या बोलेरोची बहीण म्हणावी अशी चेसिसवाली गाडी.

स्टार कुठून येतात?

डिसेंबर २०१८ मध्ये नेक्सॉन ही ग्लोबल एनकॅपचे पाच स्टार मिळवणारी पहिली भारतीय गाडी ठरली. त्याआधी शोरूममध्ये 'मायलेज किती?' हाच पहिला प्रश्न असायचा. जानेवारी २०२० मध्ये एक्सयूव्ही ३०० नेही पाच मिळवले. ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची भारत एनकॅप चाचणी सुरू झाली. यात गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने समोरच्या अडथळ्यावर एका बाजूने आदळतात, मग ५० च्या वेगाने बाजूने धडक देतात आणि तीन ते सहा स्टारच्या लायकीची वाटली तर खांबावरही आपटतात. नाही, सहा स्टार नसतात, पाचच असतात. बोलण्याच्या ओघात आलं, कारण शोरूममध्ये मी खरंच 'सिक्स स्टार' असं ऐकलेलं आहे. सहा असतात त्या एअरबॅग.

मोठ्यांच्या सुरक्षेसाठी ३२ पैकी गुण, मुलांच्या सुरक्षेसाठी ४९ पैकी. कायलाकला ३०.८८ आणि ४५, नेक्सॉनला २९.४१ आणि ४३.८३, थ्री एक्सओला २९.३६ आणि ४३. तिघींना पाच स्टार. नेक्सॉन आणि थ्री एक्सओमधला फरक दशांशातला आहे, त्यावरून भांडू नका.

हे महत्त्वाचं का, तर आपल्याकडच्या रस्त्यांमुळे. निफाड तालुक्यात कांद्याचे ट्रॅक्टर, द्राक्षांच्या गाड्या आणि गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या एकाच रस्त्यावर असतात, आणि रात्री यातल्या कित्येकांना मागे लाल दिवा तर सोडा, रिफ्लेक्टरही नसतो. समृद्धी महामार्गावर गेलात तर वेगमर्यादाच १२० आहे. स्टार मिळतात ते मात्र ६४ च्या वेगावर, आणि सगळ्यांनी पट्टा लावलेला आहे असं धरून. मागे बसलेल्यांनीही.

कोटेशन हातात आल्यावर

जाहिरातीतली किंमत ही एक्स-शोरूम. महाराष्ट्रात खाजगी गाडीचा रोड टॅक्स इंधन आणि किमतीवर ठरतो. १० लाखांपर्यंत पेट्रोलला ११ टक्के, डिझेलला १३. दहा ते वीस लाखांच्या टप्प्यात प्रत्येकी एक टक्का जास्त. सीएनजीचा दर जुलै २०२५ पासून एक टक्क्याने वाढला, तरी १० लाखांपर्यंत तो ८ टक्केच आहे.

साडेनऊ लाखांच्या गाडीवर हे लावून बघा. पेट्रोलला १,०४,५०० रुपये, डिझेलला १,२३,५००, सीएनजीला ७६,०००. आणि १० लाखांची रेषा जपून ओलांडा. ९ लाख ९० हजारांच्या पेट्रोल गाडीला १,०८,९०० रुपये टॅक्स, १० लाख १० हजारांच्या गाडीला १,२१,२००. त्याशिवाय १० लाखांवर एक टक्का टीसीएस, तो आयकर विवरणपत्र भरलं तर परत मिळवता येतो, न भरणाऱ्याचा अडकून राहतो. वीस हजारांच्या सनरूफने बत्तीस हजारांचा खर्च केला, असं इथे होतं.

सनरूफबद्दल राहवत नाही म्हणून सांगतो. थ्री एक्सओने या वर्गात पहिल्यांदा मोठं पॅनोरॅमिक सनरूफ आणलं आणि त्यावरच तिची निम्मी जाहिरात झाली. एप्रिलच्या उन्हात, उन्हाळ कांद्याची टरफलं अख्ख्या गावात उडत असताना ते छत वर्षातून किती दिवस उघडणार, याचा विचार आपला आपण करावा. पोरांना मात्र आवडतं, हे मान्य.

कोटेशनमध्ये तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा असतो. सध्याच्या दराने १००० सीसीपर्यंत ६,५२१ रुपये आणि १००० ते १५०० सीसीला १०,६४०, वर जीएसटी. बाकीचा विमा शोरूमकडूनच घ्यायची सक्ती नाही. बाहेरून कोटेशन काढून आणा आणि समोर ठेवा, आकडा खाली येतो. 'हँडलिंग चार्ज', 'बेसिक किट', 'कोटिंग' या ओळी खोडायला सांगा. लाजू नका, कांद्याच्या भावात दहा रुपयांसाठी आपण वाद घालतोच.

हप्ता क्विंटलमध्ये मोजा

मला विचाराल तर लासलगावच्या माणसासाठी गाडीची खरी तुलना इथे होते. ८ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतलं तर महिन्याचा हप्ता सुमारे १२,८७० रुपये. व्याजच २ लाख ८१ हजार. पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता १६,६०० च्या आसपास, व्याज १ लाख ९६ हजार. शोरूममधला माणूस सात वर्षंच पुढे करतो, कारण हप्ता लहान दिसतो.

आता तो १२,८७० चा हप्ता कांद्यात मोजा. क्विंटलला १५०० रुपये मिळत असतील तर साडेआठ क्विंटल. ८०० वर भाव आला तर सोळा क्विंटल. हे नुसतं विक्रीचं, खर्च वजा न करता. पगारदाराला दर महिन्याला पगार येतो. कांद्याचा पैसा वर्षातून दोन-तीनदा येतो, आणि तोही दिल्लीतल्या एका अधिसूचनेवर हलतो. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली, ती मे २०२४ मध्ये उठली तरी शुल्क राहिलं, सप्टेंबर २०२४ मध्ये ते २० टक्के झालं आणि १ एप्रिल २०२५ ला शून्य. या वीस महिन्यांत गाडीचा हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेलाच कापला जात होता.

त्यामुळे दोन गोष्टी. काही बँका आणि वित्त कंपन्या शेतकऱ्यांना सहामाही हप्ता देतात, तो मुद्दाम विचारा, कारण आपणहून तो सांगितला जात नाही. आणि मॉडेल ठरवताना वरून खाली येण्याऐवजी खालून वर जा. सहा एअरबॅग आणि स्टॅबिलिटी कंट्रोल असलेलं सगळ्यात स्वस्त मॉडेल आधी बघा, मग त्याच्यावरच्या प्रत्येक पायरीला विचारा की यासाठी मी किती क्विंटल जास्त देतोय.

मी कुणाला काय सांगेन? महिन्याला दोन हजारांच्या वर महामार्ग असेल तर थ्री एक्सओ डिझेल, मधल्या मॉडेलची, मॅन्युअल. तिचा २६०० मिलिमीटरचा व्हीलबेस आणि १८२१ मिलिमीटरची रुंदी यामुळे मागे तिघं मोठी माणसं खरंच बसतात. कमी चालणारी, शहरवजा गाडी आणि घरात लहान मुलं असतील तर कायलाक, फक्त मागे तिघांना जरा आवळून बसावं लागतं आणि सर्व्हिससाठी नाशिक गाठायची तयारी ठेवावी लागेल. सीएनजीला जागेसाठी नेक्सॉन, मायलेजसाठी ब्रेझा. डिकीचे लिटरचे आकडे मात्र एकमेकांशी ताडून बघू नका. ब्रेझाचे ३२८, थ्री एक्सओचे ३६४, नेक्सॉनचे ३८२, कायलाकचे ४४६ असे सांगतात, पण कुणी झाकणापर्यंत मोजतं तर कुणी छतापर्यंत. घरची मोठी बॅग घेऊन शोरूमला जा आणि ठेवून बघा.

टेस्ट ड्राइव्ह शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर घेऊ नका. गाडी घरी मागवा, कंपन्या पाठवतात. आजीला मागच्या सीटवर दोनदा चढवा-उतरवा, पाच जण बसून विंचूरपर्यंत जाऊन या आणि एसी चालू असताना चढावर गाडी थांबवून परत उचलून बघा. आणि पैसे भरून झाल्यावर, नोंदणीच्या आधी, तुमच्या गाडीच्या उत्पादनाचा महिना आणि वर्ष तपासा. वर्षाअखेरीची मोठी सूट बऱ्याचदा यार्डात सहा-आठ महिने उभ्या असलेल्या गाडीवर असते. आरसीवर तोच महिना येतो आणि पुढे गाडी विकताना गिऱ्हाईक पहिल्यांदा तोच वाचतं. नोंदणी झाल्यावर ती गाडी बदलून मिळत नाही.